एंजिनाचा धूर व वंगण तेलाचे ज्वलन : निदानाचा इतिहास

अंतर्ज्वलन-एंजिनात इंधन जळून निर्माण होणारे वायू निष्कास नळीतून बाहेर पडतात. ज्वलन पूर्ण झाले, तर त्यांत मुख्यत्वे नायट्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ असते आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. या वायूंबरोबर द्रवाचे वा घनाचे सूक्ष्म कण बाहेर आले म्हणजे ते धुराच्या रूपाने दिसतात. हे कण कशाचे आहेत, ते एंजिनाच्या कोणत्या भागातून आले आणि का आले, हे ठरविणे म्हणजे धुरावरून केलेले एंजिनाचे निदान होय. धुराच्या कारणांपैकी वंगण तेलाचे ज्वलन हे सर्वांत खर्चिक व सर्वांत अधिक वेळा चुकीचे निदान होणारे कारण आहे. ‘गाडी ऑइल खाते’ असे कारागीर ज्याला म्हणतात तो दोष हाच.

मोटारगाडीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात धुराचा अर्थ वेळोवेळी बदलत गेला आहे. प्रारंभी तो एंजिनाचा स्वाभाविक गुण मानला जाई. पुढे तो रचनेतील दोष ठरला, नंतर रोगलक्षणासारखा तो कारागिराच्या उपयोगी पडू लागला, त्यानंतर उपकरणांनी मोजला जाऊ लागला आणि आधुनिक गाड्यांत तो बहुतांशी अदृश्य झाला. धूर ही एंजिनाची साक्ष आहे, निवाडा नव्हे. ती साक्ष एंजिनाची रचना व धूर दिसण्याची वेळ ध्यानात घेऊनच तपासावी लागते.

धुराचे रंग : स्थूलमानाने धुराचे तीन प्रकार मानतात. काळा धूर हा अपुऱ्या हवेत जळलेल्या इंधनातील कार्बनाच्या काजळीचा असतो. पेट्रोल एंजिनात मिश्रण अतिसमृद्ध झाल्यास, हवा गाळणी तुंबल्यास वा चोक अडकून राहिल्यास आणि डीझेल एंजिनात अंतःक्षेपण पंप जरुरीपेक्षा जास्त इंधन देत असल्यास तो दिसतो. पांढरा धूर पाण्याच्या वाफेचा, सिलिंडरात शिरलेल्या शीतक पाण्याचा किंवा थंड डीझेल एंजिनात न जळलेल्या इंधनाच्या थेंबांचा असतो. निळसर धूर वंगण तेलाचा असतो.

निळेपणाचे कारण तेलाच्या रंगात नसून थेंबांच्या आकारमानात आहे. जॉन टिंड्ल या शास्त्रज्ञांनी १८६९ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत व लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात असे दाखविले की, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असलेले कण निळ्या प्रकाशाचे प्रकीर्णन तांबड्यापेक्षा पुष्कळ अधिक करतात. तप्त एंजिनात बाष्परूप झालेले तेल बाहेरच्या हवेत थंड होते व त्याचे अतिशय सूक्ष्म थेंब बनतात. म्हणून ते निळे दिसतात. थेंब मोठे झाले की तोच धूर पांढुरका दिसू लागतो. त्यामुळे थंडीत सकाळी तेलाचा धूर पाण्याच्या वाफेसारखा भासतो. पाण्याची वाफ नळीपासून थोड्या अंतरावर विरून जाते, तर तेलाचा धूर हवेत रेंगाळतो व त्याला जळक्या तेलाचा वास येतो. केवळ रंगावर विसंबणारे निदान फसते, याचे हे पहिले कारण होय.

सर्वव्ययी वंगण पद्धती : नीकोलाउस ओटो यांचे चतुर्धाव एंजिन १८७६ साली तयार झाले व कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या मोटारगाडीचे एकस्व (पेटंट) घेतले. या काळातील व त्यानंतरच्या अनेक एंजिनांत वंगण तेल एका लहान भांड्यातून थेंबथेंब सोडले जाई. ते धारवे व सिलिंडर यांना वंगण करून शेवटी गळून तरी जाई किंवा जळून तरी जाई. ते परत गोळा करून वापरण्याची व्यवस्था नसे. चालकाने काचेच्या नळीतून पडणारे थेंब पाहून त्यांचा वेग कमीजास्त करावा, अशी अपेक्षा असे. अशा एंजिनात निळा धूर मुळीच न दिसणे हीच काळजीची गोष्ट होती, कारण त्याचा अर्थ सिलिंडराला तेल पोहोचत नाही असा होई. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या नोम जातीच्या परिभ्रमी एंजिनांतही हीच पद्धत होती. त्यांत एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, आणि जळलेले व न जळलेले तेल एकसारखे बाहेर फेकले जाई.

धुराकडे पाहण्याची समाजाची दृष्टी मात्र वेगळी होती. वाफेच्या एंजिनांच्या धुराचा त्रास अनुभवलेल्या ब्रिटनमध्ये १८९६ च्या महामार्गावरील स्वयंचलित वाहनांच्या अधिनियमाने हलक्या वाहनांना जुन्या जाचक बंधनांतून मुक्त केले. वाहनाचे वजन तीन टनांपेक्षा कमी असावे व त्याची रचना अशी असावी की, तात्पुरते वा आकस्मिक कारण वगळता त्यातून धूर किंवा दृश्य वाफ बाहेर पडू नये, अशा अटी त्यात होत्या. म्हणजे मोटारगाडीला रस्ता खुला करणाऱ्या कायद्यातच धूर न सोडण्याची अट घातलेली होती. ‘आकस्मिक’ कोणते व ‘रचनेतले’ कोणते, हा कायद्याने उपस्थित केलेला भेद पुढे निदानाचाही मुख्य प्रश्न ठरला.

१९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंप नव्हता. फिरत्या भागांनी उडविलेल्या तेलावर वंगणाचे काम चाले. तेलाची पातळी पाहण्यासाठी एंजिनाच्या तळाशी वर व खाली दोन लहान तोट्या असत. वरच्या तोटीतून तेल आल्यास ते जादा आणि खालच्या तोटीतून न आल्यास ते कमी, असा नियम होता. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या मापनपट्टीचे, म्हणजे डिपस्टिकचे, काम या दोन तोट्या करीत. एंजिन किती तेल जाळते याचा हिशेब ठेवण्याची सवय चालकांना अशा साधनांनीच लागली.

बाहीझडपी एंजिन : चार्ल्स येल नाइट या अमेरिकन संशोधकांनी नेहमीच्या उघडझाप करणाऱ्या झडपांऐवजी दट्ट्या (पिस्टन) व सिलिंडराची भिंत यांच्यामध्ये सरकणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे बाह्या, बसविल्या. बाह्यांना पाडलेली भोके ठराविक वेळी एकमेकांसमोर येऊन वायूंना वाट देत. या एंजिनात झडपांचा खडखडाट नसल्याने ते अतिशय शांत चाले. १९०८ नंतर ब्रिटनमधील डेम्लर कंपनीने ते स्वीकारले व राजघराण्याच्या गाड्यांतही ते आले. तथापि एकात एक सरकणाऱ्या या बाह्यांना तेलाचा सतत पुरवठा लागे व त्यांतील काही तेल भोकांवाटे वायूंत मिसळून जळे. म्हणून शांत चालणाऱ्या या भारी गाड्यांच्या मागे निळसर धुराचा पट्टा दिसे. तो झिजेचा नव्हे, रचनेचा परिणाम होता. झिजलेल्या व नव्या एंजिनाचा धूर केवळ पाहून वेगळा ओळखणे येथे अवघड होते. अमेरिकेतील विलिस-नाइट या गाडीचे उत्पादन १९३३ मध्ये थांबले व दशकाच्या मध्यापर्यंत डेम्लर कंपनीनेही ही रचना सोडून दिली.

रणगाडा व धूर : धुराचे महत्त्व पहिल्या महायुद्धात जीवनमरणाचे झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत प्रथम उतरलेल्या ब्रिटिश मार्क १ रणगाड्यात डेम्लरचे १०५ अश्वशक्तीचे बाहीझडपी एंजिन होते. त्याच्या धुरामुळे रणगाड्याचा ठावठिकाणा शत्रूला दुरून कळे. हॅरी रिकार्डो या तरुण अभियंत्यांकडे नव्या एंजिनाचा अभिकल्प (आराखडा) करण्याचे काम आले, तेव्हा एंजिनातून दृश्य धूर निघता कामा नये हे त्यांनी आपल्या अभिकल्पाचे एक मुख्य सूत्र मानले. त्यांनी दट्ट्याचा ज्वलनकक्षाकडील भाग आणि बाजूचा दाब पेलणारा मार्गदर्शक भाग वेगळे ठेवले. त्यामुळे खालून उडणारे तेल वरपर्यंत पोहोचेना. १५० अश्वशक्तीचे हे एंजिन १९१८ मध्ये मार्क ५ रणगाड्यांत रणांगणावर आले. तेल जळणे हे अटळ नसून तेलाची वाट ओळखली तर ते रोखता येते, हे यातून स्पष्ट झाले.

कड्या व तेलनियंत्रण : तेल ज्वलनकक्षात शिरण्याची सर्वांत मोठी वाट दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधील फटीतून जाते. ही फट बुजविण्यासाठी दट्ट्यावरील खाचांत चिरलेल्या लवचिक कड्या बसवितात. त्यांना व्यवहारात रिंगा म्हणतात. अशा धातूच्या कड्या ब्रिटिश अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या रेल्वे एंजिनांसाठी वापरात आणल्या. त्यांचे काम वाफ रोखणे हे होते. पेट्रोल एंजिनातील कडीला दोन विरुद्ध दिशांची कामे करावी लागतात : वरचा वायू खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालचे तेल वर येऊ द्यायचे नाही. शिवाय तेल पूर्णपणे पुसूनही चालत नाही, कारण वरच्या कडीला थोडे वंगण लागतेच. म्हणून वरच्या दोन कड्या वायू रोखण्यासाठी व सर्वांत खालची तेल खरवडून परत पाठविण्यासाठी अशी विभागणी रूढ झाली. खरवडलेले तेल परत जावे म्हणून या तेलकडीला व तिच्या खाचेला भोके ठेवतात. अमेरिकेतील पर्फेक्ट सर्कल कंपनीने १९२० च्या दशकात तेलनियंत्रक कड्यांचा मोठा प्रसार केला. लहानपणीच दृष्टी गमावलेले राल्फ टीटर हे या कंपनीचे प्रमुख अभियंते होते.

याच काळात झिजेच्या कारणांकडेही लक्ष गेले. रस्त्यांवरील धूळ कार्ब्युरेटरातून थेट सिलिंडरात जाई व कड्यांबरोबर घासून भिंत कापून काढी. हवेच्या गाळण्या आणि अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ मध्ये तयार केलेली तेलाची गाळणी यांमुळे ही झीज पुष्कळ कमी झाली.

तेल किती सूक्ष्म प्रमाणात जळते याची कल्पना एका हिशेबावरून येईल. चार सिलिंडरांचे चतुर्धाव एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना गाडीचा वेग तासाला ६० किमी. असेल, तर १,००० किमी. अंतराला १,००० मिनिटे लागतात व तेवढ्यात एकूण ६० लाख स्फोट होतात. या अंतरात अर्धा लिटर तेल जळले, तर प्रत्येक स्फोटात सुमारे ०·०८ घ. मिमी. तेल जळाले असा अर्थ होतो. टाचणीच्या डोक्याहूनही कितीतरी लहान अशा या थेंबावर कडीचे यशापयश ठरते. अनेक उत्पादकांनी १,००० किमी.ला अर्ध्या लिटरापर्यंतचा खर्च दोष मानलेला नाही.

चिकटलेल्या कड्या व प्रक्षालक तेले : कड्या झिजल्या नसतानाही एंजिन तेल जाळू शकते, हे १९३० च्या दशकात डीझेल ट्रॅक्टरांनी शिकविले. अधिक तापमानात तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन त्याची राळ बने व कड्या खाचांत चिकटून बसत. चिकटलेली कडी भिंतीवर दाब देऊ शकत नाही. कॅटरपिलर कंपनीच्या एंजिनांतील या अडचणीतून कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९३५ च्या सुमारास धातुयुक्त साबणासारखी द्रव्ये मिसळलेले तेल आणले. अशा प्रक्षालक तेलांत काजळी व राळ तरंगत राहतात, कड्यांवर बसत नाहीत. म्हणून निळा धूर दिसताच सिलिंडर कातण्याचा, म्हणजे ‘बोअर’ करण्याचा, निर्णय घेणे घाईचे ठरते. कड्या झिजल्या आहेत की अडकल्या आहेत, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

धूर दिसण्याची वेळ : तेलाची दुसरी मोठी वाट झडपांकडून येते. झडपेचा दांडा मार्गदर्शक नळीत वरखाली सरकतो. ही नळी झिजली किंवा तिच्यावरील रबरी टोपी, म्हणजे ऑइल सील, कडक होऊन चिरली, तर वरचे तेल आदान नलिकेतील निर्वातामुळे आत ओढले जाते. चालक प्रवेगक सोडून गाडी उताराने नेतो तेव्हा ही निर्वात स्थिती सर्वांत तीव्र असते. याउलट चढणीवर निर्वात नाहीसा होतो व सिलिंडरातील दाब वाढतो. यामुळे धूर कोणता यापेक्षा तो केव्हा दिसतो हे अधिक बोलके ठरते. बोरघाट चढताना सतत निळा धूर सोडणाऱ्या गाडीच्या कड्या व सिलिंडर संशयित ठरतात. तोच घाट उतरून खोपोलीला प्रवेगक दाबताच धुराचा लोट सोडणाऱ्या व मग शांत होणाऱ्या गाडीच्या झडपांचे मार्गदर्शक संशयित ठरतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी चालू होताना थोडा वेळ धूर सोडणे, हेही झडपांकडून झिरपलेल्या तेलाचे लक्षण आहे.

हा भेद न केल्यास किती नुकसान होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७१ ते १९७७ या वर्षांत अमेरिकेत विकली गेलेली शेव्हर्ले व्हेगा ही मोटारगाडी. तिचा सिलिंडर-ठोकळा सिलिकॉनाचे प्रमाण अधिक असलेल्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा होता व त्यात लोखंडी अस्तर नव्हते. एंजिन अति तापल्यास सिलिंडरांना ओरखडे पडत. त्यामुळे तेल जाळणाऱ्या प्रत्येक व्हेगाचा सिलिंडरच बिघडला, असा समज पसरला. वस्तुतः अनेक गाड्यांत तेलाच्या खपाला झडपांवरील कडक होऊन चिरलेली सीलेही कारणीभूत होती. सील बदलण्याचा खर्च थोडा व ठोकळा बदलण्याचा खर्च फार मोठा असतो. निदानातील चुकीची किंमत या दोहोंमधील अंतराएवढी असते.

भुजापेटीचे वायुवीजन : कड्या कितीही चांगल्या असल्या तरी काही वायू त्यांच्या बाजूने खाली भुजादंडाच्या पेटीत झिरपतात. पूर्वी ते एका साध्या नळीने रस्त्यावर सोडले जात. लॉस अँजेल्सच्या धूमधुक्याच्या अभ्यासात मोटारगाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या नळीतून येतो असे आढळले. १९६१ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात व १९६३ पासून सर्व अमेरिकेत हे वायू एका झडपेवाटे परत आदान नलिकेत सोडून जाळण्याची पद्धत सुरू झाली. या सुधारणेने निदानात एक नवी गुंतागुंत आणली. ती झडप काजळीने तुंबली की पेटीत दाब वाढतो व तेल कड्यांवरून आणि सीलांतून बाहेर रेटले जाते. ती उघडी अडकली तर तेलाची वाफ सरळ एंजिनात ओढली जाते. दोन्ही प्रसंगी एंजिन झिजल्यासारखे धुरते. अल्प किमतीची ही झडप तपासल्याशिवाय एंजिन उघडू नये, हा नियम त्यामुळे झाला.

परीक्षणाची साधने : कारागिराच्या डोळ्याला व नाकाला पूरक अशी साधने क्रमाने आली. ठिणगी-गुडी (स्पार्क प्लग) काढून पाहिल्यास कोणता सिलिंडर तेल जाळतो ते कळते. तेथील गुडी ओलसर व काळी असते. सर्व गुड्या सारख्या काळ्या असतील, तर दोष सर्वांना समान असलेल्या भागात शोधावा लागतो. गुडीच्या भोकात दाबमापक बसवून एंजिन फिरविल्यास संपीडन दाब मिळतो. एका सिलिंडराचा दाब इतरांहून १० ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी असल्यास तेथे गळती मानतात. मग चमचाभर तेल सिलिंडरात सोडून पुन्हा मापन करतात. दाब वाढला तर गळती कड्यांतून आहे, कारण तेलाने फट तात्पुरती बुजते. दाब वाढला नाही तर गळती झडपांतून किंवा गॅस्केटातून आहे.

याहून सूक्ष्म परीक्षा दाबयुक्त हवेची आहे. दट्ट्या संपीडन धावेच्या माथ्यावर ठेवून सिलिंडरात हवा सोडतात व ती कोठून सुटते ते ऐकतात. तेल ओतण्याच्या तोंडाशी आवाज आला तर कड्या, निष्कास नळीशी आला तर निष्कास झडप, कार्ब्युरेटराशी आला तर आदान झडप आणि प्रारकात (रेडिएटरात) बुडबुडे आले तर गॅस्केट सदोष असते. तथापि येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. ही साधने वायूची गळती मोजतात, तेलाची नव्हे. तेलकडीची भोके तुंबली असतील, तर संपीडन उत्तम येऊनही एंजिन तेल जाळत राहते. झडप-मार्गदर्शकाची झीजही संपीडनात दिसेलच असे नाही.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील डेन्व्हर व रिओ ग्रँड रेल्वेच्या प्रयोगशाळेने डीझेल एंजिनांच्या वापरलेल्या तेलाचे वर्णपटीय विश्लेषण सुरू केले. तेलात सापडलेले लोह, क्रोमियम, तांबे वा सिलिकॉन यांच्या प्रमाणावरून सिलिंडर, कड्या, धारवे यांची झीज व धुळीचा शिरकाव एंजिन न उघडता कळू लागला. त्याच सुमारास किरणोत्सर्गी केलेल्या कड्या बसवून झिजेचा वेग प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयोगही झाले.

धुराचे मापन व कायदा : मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकांनी १८८८ मध्ये धुराड्यांच्या धुराची घनता ठरविण्यासाठी पांढऱ्यावर काळ्या जाळ्यांचे तक्ते तयार केले. दुरून धूर व तक्ता यांची तुलना करून त्याला क्रमांक देत. डीझेल वाहनांसाठी पुढे प्रकाशाचा अवरोध मोजणारे हार्टरिज धूरमापक प्रचारात आले. त्यात सुमारे ४३ सेंमी. लांबीच्या नळीत धूर भरतात. स्वच्छ हवेला शून्य व पूर्ण अवरोधाला १०० अशी त्याची मापश्रेणी आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये उभ्या डीझेल वाहनाचे एंजिन मुक्तपणे प्रवेगित केले असता धूर ६५ हार्टरिज एककांहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली गेली. पेट्रोलच्या चारचाकी गाड्यांसाठी एंजिन मंद गतीने चालत असताना कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ३ टक्के होती. पुढील काळात या मर्यादा अधिक कडक झाल्या. येथेही साक्ष व निवाडा यांतील अंतर दिसते. कार्बन मोनॉक्साइड हे मुख्यतः इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनाचे माप आहे. कार्ब्युरेटर नीट जुळविलेली पण निळा धूर सोडणारी गाडी केवळ या कसोटीला उतरू शके.

मुंबई व पुणे येथील अनुभव : स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत भारतात गाड्यांची निवड मर्यादित होती व एकच गाडी दीर्घकाळ वापरणे भाग असे. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डी ही पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या टॅक्सीचे रूपच बनली. एंजिन ‘पहिल्या बोअर’चे की ‘दुसऱ्या’, हा प्रश्न जुनी गाडी घेणारा प्रत्येकजण विचारी. सिलिंडर इंचाच्या दहा-दहा सहस्रांशांनी (०·२५ मिमी.) मोठा कातून त्यात मोठे दट्टे व कड्या बसविण्याची कला असंख्य छोट्या कर्मशाळांनी जोपासली. या कर्मशाळांमुळे गाड्या दीर्घायुषी झाल्या. तथापि धूर म्हणजे बोअर, हे समीकरणही येथेच पक्के झाले.

पुण्याजवळील आकुर्डी येथे १९६० च्या दशकापासून तयार होऊ लागलेल्या बजाजच्या द्विधाव स्कूटरांनी व रिक्षांनी वेगळा पेच निर्माण केला. द्विधाव एंजिनात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळतात व ते जळण्यासाठीच असते. तेथे निळा धूर हे झिजेचे लक्षण नसते, तर तेलाचे प्रमाण जादा असल्याचे किंवा भुजादंडाच्या सीलातून दंतचक्रपेटीतील तेल आत ओढले जात असल्याचे ते चिन्ह असते. पंपावर अंदाजाने ओतलेल्या जादा तेलामुळे रस्ते धुरकट होत.

मुंबईतील वाहनांच्या धुराचा त्रास सोसणाऱ्या रहिवाशांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर १९९९ मध्ये व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर जुन्या टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर नेण्यात आल्या किंवा काढून टाकण्यात आल्या. इंधन बदलल्याने काजळीचा धूर गेला. झिजलेल्या एंजिनाचा निळा धूर मात्र इंधन बदलून जात नाही, कारण त्याचे मूळ इंधनात नाही. पद्मिनी जातीच्या टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ अखेर संपुष्टात आली.

अदृश्य झालेला धूर : अमेरिकेत १९७५ च्या बहुतेक गाड्यांपासून निष्कास नळीत उत्प्रेरकी परिवर्तक बसू लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले. तप्त परिवर्तकात तेलाची वाफ मोठ्या प्रमाणात जळून जाते. त्यामुळे १,००० किमी.ला अर्धा लिटर तेल जाळणाऱ्या गाडीच्या मागेही कधीकधी काही दिसत नाही. दोष जात नाही. केवळ साक्षीदार गप्प होतो. तेलातील झिंक व फॉस्फरस यांचा थर उत्प्रेरकावर बसून तो हळूहळू निकामी होतो. डीझेल गाड्यांच्या कणगाळणीत तेलाची राख साठून राहते. याच कारणाने आधुनिक तेलांत या द्रव्यांचे प्रमाण मर्यादित केले आहे. इंधन बचतीसाठी कड्यांचा ताण कमी व तेल पातळ ठेवण्याकडे उत्पादकांचा कल आहे. अशा एंजिनांत तेलकडीची भोके राळेने तुंबल्यास तेलाचा खप धूर न दिसताही वाढतो. पातळी धोक्याच्या खाली गेल्याचे कळेपर्यंत धारवे जळालेले असण्याचा संभव असतो.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही दृश्य धूर हा पुरेसा निकष राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेल एंजिनांचा निष्कास हा मानवात कर्करोग निर्माण करणारा घटक असल्याचे जाहीर केले. त्यातील पुष्कळसे कण डोळ्यांना दिसत नाहीत.

निदानाचा क्रम : या इतिहासातून तेलज्वलनाच्या निदानाचा जो क्रम सिद्ध झाला, तो खर्चाच्या चढत्या क्रमाने जाणारा आहे. प्रथम सपाट जागी, एंजिन थंड असताना पातळी मोजून ठराविक अंतराने किती तेल भरावे लागते याची नोंद ठेवावी. बाहेरची गळती नाही याची खात्री करावी, कारण गळणारे तेल अनेकदा जळणारे समजले जाते. तेल योग्य श्यानतेचे आहे व पातळी कमाल खुणेच्या वर नाही हे पाहावे. त्यानंतर भुजापेटीची वायुवीजन झडप व हवा गाळणी तपासावी; टर्बोभरक असल्यास त्याच्या सीलांतून तेल येत नाही ना ते पाहावे. धूर चालू करताना, चढणीवर की उतारानंतर दिसतो हे पडताळावे. मग गुड्या, संपीडन व दाबयुक्त हवेच्या परीक्षा कराव्यात. झडपांची सीले अनेक एंजिनांत सिलिंडर-शीर्ष न काढताही बदलता येतात. कड्या व सिलिंडर यांना हात लावणे ही या क्रमातील शेवटची पायरी होय.

या सर्व क्रमात सर्वांत जुने साधन आजही सर्वांत विश्वसनीय ठरले आहे. मॉडेल टीच्या दोन तोट्यांनी जे सांगितले तेच डिपस्टिक सांगते : एंजिनात किती तेल होते व किती उरले. धूर दिसो वा न दिसो, हा हिशेब चुकत नाही.